थोडासाच तर बर्फ आहे!

मामाचा फोन शनिवारी येतो. इकडे माझा सकाळचा चहा चाललेला असतो आणि तिकडे नाशिकला त्याची जेवणं आटोपलेली असतात. २०२३ च्या सप्टेंबरातल्या अशाच एका शनिवारी फोन वाजला. ब्रॅकनेलला नेहमीची पावसाची रिपरिप चालू होती.

"ऐक, ऑक्टोबरात अन्नपूर्णा सर्किट करतोय. आम्ही पाच जण, सगळे पेन्शनर! बेसिसहरहून चढायचं, थोरोंग ला खिंड ओलांडायची आणि मुक्तिनाथाला उतरायचं. माझा ट्रेक होईल आणि येताना प्रसाद आणला की तुझ्या मामीच्या दृष्टीने यात्राही होईल."

मामा एकसष्ट वर्षांचा. बँकेतून निवृत्त. मला डोंगराची ओळख त्यानेच करून दिली. रतनगड, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग हे सगळं मी त्याच्या पाठीमागून चाललोय. तेव्हा त्याच्या पायांबद्दल मला शंका नव्हती. मी आपलं सहज विचारलं, "वर बर्फ असेल ना रे? तयारी काय केलीयस?"

"छे रे! ऑक्टोबरात कुठला आलाय बर्फ? आणि असला तरी असून असून किती असणार? थोडासाच तर बर्फ असतो तेव्हा."

मी कप ओट्यावर ठेवला. कारण हे वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी स्वतः म्हटलं होतं. पाच वर्षांपूर्वी, स्कॉटलंडमधल्या एका डोंगराच्या पायथ्याशी. त्यानंतर तासाभरात माझा एक मित्र छातीपर्यंत बर्फात गाडला गेला होता आणि मी नुसत्या हातांनी त्याला उकरत होतो.

ही गोष्ट मी घरी कोणालाही सांगितलेली नव्हती. परदेशात राहणाऱ्या मुलांचा एक अलिखित नियम असतो. ताप आला की तो उतरल्यावर सांगायचा, नोकरी गेली की दुसरी मिळाल्यावर सांगायची आणि जे सांगण्यासारखंच नाही ते 'हो, मजेत' या दोन शब्दांत गुंडाळायचं. मी तेच केलं होतं.

आता आधी ती गोष्ट सांगतो, मग मामाकडे परत येऊ.

ब्रॅकनेल हे लंडनच्या पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवरचं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, नवं शहर म्हणून आखलेलं. त्यामुळे इथे जुनं असं फारसं काही नाही, आणि राउंडअबाउट मात्र इतके आहेत की सुरुवातीला मी एकाच चौकाला तीन-तीन प्रदक्षिणा घालायचो. (पुण्य किती मिळालं माहीत नाही.) पण हवामानाच्या जगात या गावाला मोठा मान होता. ब्रिटनच्या हवामान खात्याचं, म्हणजे मेट ऑफिसचं, मुख्यालय १९६१ पासून २००३ पर्यंत इथे होतं. मग ते एक्सेटरला गेलं. मी इथे आलो तोवर त्या जागेवर घरं उभी राहिली होती, पण लोक अजूनही त्या चौकाला 'मेट ऑफिस राउंडअबाउट' म्हणतात.

बर्फाचं म्हणाल तर ब्रॅकनेलला वर्षाकाठी दोन दिवस पडला तर पडतो, आणि त्या दोन दिवसांत रेल्वे, शाळा आणि पावाची दुकानं अशी सगळ्यांची त्रेधातिरपीट उडते. तरीही गावात स्कीइंगचा उतार होता! प्लास्टिकच्या ब्रशांची चटई अंथरलेला, बारा महिने चालणारा कृत्रिम उतार. २०२० मध्ये तो बंद पडला. पीएचडी संपवून २०१७ साली मी इथे नोकरीला लागलो तेव्हा गटातली मंडळी दर गुरुवारी संध्याकाळी तिथे जायची. मीही जाऊ लागलो. आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याच्या पोत्यातला नाहीतर गोळेवाल्याच्या रंध्यावरचा. तेव्हा प्लास्टिकवरून न पडता खाली आलो की मला आपण हिमालयपुत्र झाल्यासारखं वाटायचं. प्लास्टिक कधी सरकून अंगावर येत नाही, हे काही तेव्हा लक्षात आलं नाही.

तर २०१८ च्या डिसेंबरातला पहिला शनिवार-रविवार. आम्ही तिघं. एक सहकारी सहा फूट चार इंच, त्याला आपण लंबू म्हणू. दुसरा पोलंडचा, तो पोलंडकर. तिसरा मी. शुक्रवारी रात्री लंडनच्या यूस्टनहून झोपायच्या गाडीत बसलो आणि सकाळी केर्नगॉर्म पर्वतरांगेच्या पायथ्याशी एव्हिमोरला उतरलो. तिथून बसने स्की-सेंटरच्या गाडीतळापर्यंत. आम्हाला जायचं होतं 'Coire an t-Sneachda' — थांबा, रोमन अक्षरं बघून तुम्हीही माझ्यासारखेच अडखळाल — उच्चार साधारण 'कोरी अन त्रेख्क' असा. गेलिक भाषेत कोरी म्हणजे कढई. बर्फाची कढई! तीन बाजूंनी कडे आणि मध्ये खोलगट जागा. उत्तरेकडे तोंड. त्या कढईच्या एका काठावरून 'गोट ट्रॅक' नावाची नागमोडी वाट वरच्या पठारावर जाते.

आदल्या दोन दिवसांत हिमवर्षाव झाला होता आणि नैऋत्येकडून सोसाट्याचा वारा सुटला होता. हे सगळं मी अंदाजात वाचलं होतं. शनिवारी वारा उतरणार, हेही वाचलं होतं. मी समाधानाने मान डोलावली. आता विचार करतो तेव्हा स्वतःचीच गंमत वाटते. मी द्रवपदार्थांच्या प्रवाहावर पीएचडी केलेला माणूस. वाऱ्याचा वेग बघून मी एवढाच हिशोब केला की आम्हाला तो किती त्रास देईल. त्या वाऱ्याने दोन दिवस बर्फ उचलून नेमका कुठे नेऊन टाकला असेल, हा प्रश्न मला पडलाच नाही.

गाडीतळावरून निघालो तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना हेदरची झुडपं उघडी दिसत होती. कड्यांच्या माथ्यावर खडक काळे होते. मध्ये मध्ये पांढरे पट्टे. आमच्या स्वप्नातल्या बर्फाच्या मानाने अगदीच दरिद्री देखावा. लंबू तर नाराजच झाला, "एवढा प्रवास करून हे?"

कढईच्या तळाशी, मोठमोठ्या दगडांच्या पसाऱ्यात, कुत्रा घेऊन आलेली एक आजीबाई भेटली. साठी केव्हाच उलटलेली, गालांवर वाऱ्याची लाली. ती परत निघाली होती. तिने आम्ही कुठे चाललोय ते विचारलं, वरच्या उताराकडे काठी दाखवली आणि म्हणाली की आज ती तिकडे जाणार नाही. बास, एवढंच. इथली माणसं सल्लासुद्धा स्वतःबद्दलची माहिती दिल्यासारखा देतात. आपल्याकडची आजी असती तर "मेल्यांनो, मरायचंय का?" म्हणाली असती आणि कदाचित आम्ही ऐकलंही असतं.

पोलंडकर जरा थांबला. म्हणाला, परत जाऊ या का? तेव्हा मी ते वाक्य म्हटलं. "अरे, गवत दिसतंय अजून. थोडासाच तर बर्फ आहे." खरं कारण वेगळं होतं. रविवारी रात्रीची परतीची तिकिटं काढलेली, नवीन बूट घेतलेले, सोमवारी ऑफिसात फोटो दाखवायचे. साडेतीनच्या पुढे सूर्य मावळणार, म्हणून घाईही होती.

पोलंडकर पुढे, मी मध्ये, लंबू मागे. खालच्या दगडांत घोट्याएवढा असलेला बर्फ चढावर आल्यावर गुडघ्याएवढा झाला. पृष्ठभाग गुळगुळीत, खडूसारखा पांढराफटक, पाय टाकला की चौकोनी ढेकूळ निघायचं. मला वाटलं, वा, बर्फ कसा छान घट्ट आहे!

मग आवाज आला. जाड कापसाच्या गादीवर कोणीतरी धपकन बसावं तसा. मोठा नव्हता, पण पायाखालून आला. पोलंडकरच्या वर चार-पाच मीटरवर उतारावर एक आडवी रेघ उमटली, कोणी पट्टी धरून ओढावी तशी सरळ. पुढच्या क्षणी त्या रेघेखालचा सगळा उतार तुकडे होऊन निघाला. मी कडेला होतो म्हणून गुडघ्यावर आपटलो आणि तिथेच राहिलो. पोलंडकर तिसेक मीटर खाली गेला. त्याच्यामागून आलेल्या बर्फाने त्याला छातीपर्यंत झाकलं.

तो शुद्धीवर होता, ओरडत होता. आमच्याकडे फावडं नव्हतं, बर्फात गाडलेल्याला शोधायची यंत्रं नव्हती. असणार कशाला, थोडासाच तर बर्फ होता ना! थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो. बर्फाच्या कुऱ्हाडीने खरवडून आणि हातांनी उपसून त्याला कमरेपर्यंत मोकळं करायला आम्हा दोघांना पाव तास लागला. जर त्याचं तोंड बर्फाखाली असतं तर? हे गणित मी नंतर वाचलं. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर तीनातला एक वाचतो. म्हणजे आमच्या वेगाने तो कुठल्या बाजूला गेला असता हे सांगायला नकोच.

त्याचा उजवा गुडघा दगडावर आपटून मोडला होता. फोनला नशिबाने रेंज होती. दोनेक तासांत बचाव पथक आलं. इथे डोंगरातल्या बचाव पथकांतली माणसं स्वयंसेवक असतात. कोणी शिक्षक, कोणी सुतार. शनिवारची सुट्टी सोडून आलेली. कोणी रागावलं नाही, पैसे मागितले नाहीत. स्ट्रेचर खाली नेताना त्यातल्या एकाने मला शांतपणे विचारलं की तुम्हाला हा उतार सुरक्षित का वाटला? मी म्हटलं, सगळीकडे बर्फ इतका कमी होता... तो म्हणाला, "बरोबर. मग बाकीचा कुठे गेला असेल?"

या एका प्रश्नावर मी पुढचा अख्खा हिवाळा घालवला.

आकाशातून पडणारा बर्फ सगळीकडे सारखा पडला तरी तो पडल्या जागी राहत नाही. वारा त्याला पठारावरून झाडून काढतो आणि डोंगराच्या आडोशाला नेऊन रचतो. आकाशातून पडायला जितका वेळ लागेल त्याच्या कितीतरी पट वेगाने तिथे बर्फ साठतो. नैऋत्येचा वारा म्हणजे ईशान्येचा आणि उत्तरेचा उतार भरणार. उघडं पडलेलं गवत आणि काळे खडक बघून मी खूश झालो होतो, पण तीच तर धोक्याची खूण होती. ते गवत उघडं होतं, कारण त्यावरचा बर्फ आमच्या वाटेवर जाऊन बसला होता.

वाऱ्याने रचलेल्या या बर्फाची लादी होते. हिमस्खलनातले बहुतेक बळी या लादीमुळे जातात. वरून गडगडत येणारे बर्फाचे लोट फक्त सिनेमातच असतात असं नाही, पण डोंगरात हिंडणारा माणूस सापडतो तो बहुधा त्याच्याच पायाने, नाहीतर सोबत्याच्या पायाने सुटलेल्या लादीत. उतार लागतो साधारण ३० ते ४५ अंशांचा. त्याहून सपाट असेल तर लादी सहसा सरकत नाही, फारच उभा असेल तर बर्फ साठण्याआधीच गळून पडतो. ३० ते ४५ अंश म्हणजे किती? घरातला जिना आठवा. साधारण तेवढा, किंवा थोडा जास्त. म्हणजे चढायला जो उतार 'मस्त' वाटतो, नेमका तोच.

आणि आमची ती लादी किती मोठी होती? मी नंतर फोटोंवरून अंदाज काढला. पंधरा मीटर रुंद, वीस मीटर लांब, जाडी जेमतेम चाळीस सेंटिमीटर. आकारमान झालं १२० घनमीटर. वाऱ्याने दाबलेल्या बर्फाची घनता २५० किलो प्रति घनमीटर धरली तर वजन ३० टन. मालाने भरलेला दहाचाकी ट्रक! गुडघाभर बर्फाचा.

मोसमाच्या सुरुवातीला अजून एक भानगड असते. ती मला सगळ्यात चमत्कारिक वाटली, कारण ती उलटी आहे. आपल्याला वाटतं बर्फ जितका पातळ तितका धोका कमी. पण समजा थंडी कडाक्याची आहे, हवा उणे पंधरा, आणि जमीन मात्र अजून उन्हाळ्याची ऊब धरून शून्याच्या आसपास. मध्ये बर्फाचा थर दोन मीटर असेल तर तापमानातला हा फरक दोन मीटरमध्ये वाटला जातो. थर चाळीस सेंटिमीटरच असेल तर तोच फरक चाळीस सेंटिमीटरमध्ये. मग खालच्या बर्फातली वाफ वर सरकते आणि कणांचा आकार बदलतो. एकमेकांना धरून राहणारे कण मोकळे होतात, रव्यासारखे, पुढे पुढे तर जाड साखरेसारखे. हातात घेतले तर गोळा होत नाहीत. महिनाभराने त्यावर मोठा हिमवर्षाव झाला की काय होणार? रव्याच्या थरावर शहाबादी फरशी ठेवून ती तिरकी धरून बघा. म्हणजे नोव्हेंबरातल्या 'थोड्याशा' बर्फाचं देणं जानेवारीत फेडावं लागतं. लडाखसारख्या कोरड्या, थंड प्रदेशात हा प्रकार फार. स्कॉटलंडच्या दमट हवेत त्यामानाने कमी. तिथला मुख्य खलनायक वाराच.

शिवाय थर पातळ म्हणजे दगड झाकलेले नाहीत. वाहून जाणारा माणूस दगडांवर आपटत जातो. पोलंडकरचा गुडघा त्यातच गेला.

आणि शेवटची गोष्ट आपल्या डोक्यातली. स्कॉटलंडच्या सहा डोंगराळ भागांसाठी तिथली हिमस्खलन माहिती सेवा रोज अहवाल काढते, एक ते पाच अशा पायऱ्यांवर धोका सांगते. पण हे रोजचे अहवाल सुरू होतात साधारण डिसेंबरच्या मध्याला. आम्ही गेलो पहिल्या आठवड्यात. अहवाल नाही याचा अर्थ मी 'धोका नाही' असा लावला. परीक्षेचा निकाल लागला नाही म्हणजे आपण पास झालो असं समजण्यापैकी!

त्या मार्चमध्ये मी लुईस नावाच्या गावी गेलो. ब्रॅकनेलहून गाडीने दीडेक तासावर, ससेक्स परगण्यात. ब्रिटनच्या इतिहासातलं सर्वांत जास्त बळी घेणारं हिमस्खलन स्कॉटलंडमध्ये झालेलं नाही. ते इथे, दक्षिण इंग्लंडच्या हिरव्यागार टेकड्यांत झालं! १८३६ सालचा नाताळ. तुफान हिमवर्षाव आणि वारा. गावाच्या कडेला खडूच्या दगडाचा उंच कडा आहे. वाऱ्याने त्याच्या माथ्यावर बर्फाची वळचण तयार केली, घराच्या वळचणीसारखी पुढे आलेली. खाली बोल्डर रो नावाची गरीब कामकऱ्यांच्या घरांची ओळ होती. २६ डिसेंबरच्या संध्याकाळी बर्फाचा एक मोठा तुकडा शेजारच्या लाकडाच्या वखारीवर कोसळला. लोकांनी त्या घरांतल्यांना सांगितलं, बाहेर पडा. ते निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाच्या सुमाराला सगळी वळचण खाली आली. पंधरा माणसं गाडली गेली. सात वाचली, आठ गेली.

आता त्या जागेवर एक पब आहे. नाव 'स्नोड्रॉप इन'. मी तिथे बसून लिंबाचं सरबत प्यायलो आणि वर बघत राहिलो. कडा हिरवा, झाडांनी भरलेला, ऊन पडलेलं. गावातल्या संग्रहालयात वाचलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा पांढरा झगा जपून ठेवलाय. मला त्या न निघालेल्या माणसांचा राग येईना. भर थंडीत, नाताळात, पोराबाळांना घेऊन जायचं कुठे? आणि ससेक्समध्ये कधी कोणी हिमस्खलनाने मेल्याचं ऐकलं होतं का? माळीणच्या लोकांनीही डोंगर पिढ्यानपिढ्या पाहिलेला होता. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तोच डोंगर गावावर आला आणि सुमारे दीडशे माणसं गेली. माझं तसं नव्हतं. मला परत जायला जागा होती, गरम खोली होती, आणि सांगणारी आजीबाईही होती.

असो. तर मामाचा फोन.

मी आधी सुशिक्षित माणसासारखं बोलायला गेलो. म्हटलं, "मामा, २०१४ चा ऑक्टोबर आठवतो? १२ तारखेला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. त्याचं उरलंसुरलं दोन दिवसांत नेपाळात पोचलं. १४ तारखेला थोरोंग लावर बर्फाचं वादळ झालं, आजूबाजूला हिमस्खलनं झाली. चाळीसहून जास्त माणसं गेली. ऑक्टोबर म्हणजे ट्रेकिंगचा ऐन मोसम, निरभ्र आकाशाचा महिना. पण बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचाही तोच मोसम असतो."

"अरे, ते एकदा झालं."

"२०२२ ला, ४ ऑक्टोबरला, उत्तराखंडात द्रौपदी का डांडाला झालं. ते तर गिर्यारोहण संस्थेचे विद्यार्थी होते, सोबत शिकवणारे होते. पंचवीसहून जास्त गेले."

"ते शिखरावर चाललेले. आम्ही वाटेवरून जाणार." मामा हसला. "तू ना, तिकडे राहून भित्रा झालायस. आपण नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय, विसरलास?"

विसरलो नव्हतो. उलट मला आठवत होतं की पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही तो केलाच नव्हता. मी दहावीत होतो. बेलपाड्यात रात्र काढली, पहाटे निघालो, आणि कोकणकड्यावर काळे ढग दिसताच मामाने सगळ्यांना परत फिरवलं. मी दिवसभर त्याच्याशी बोललो नव्हतो. तो म्हणाला होता, "कडा कुठे पळून जातोय का?"

मी म्हटलं, "मामा, जरा ऐक. मला तुला एक सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. आजीबाई, गादीचा आवाज, ती रेघ, पोलंडकरचं ओरडणं, सगळं. माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पोलंडकरच्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि त्याने पुन्हा स्की पायाला बांधली नाही, हेही. तो मला कधी एका शब्दाने बोलला नाही. त्यामुळेच ते जास्त लागतं.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

मग मामा म्हणाला, "ताईला माहितेय?"

"नाही."

"हं." पुन्हा शांतता. "काय काय करायचं ते लिहून पाठव."

लिहून पाठवलं ते फार नव्हतं. वेळापत्रकात दोन दिवस रिकामे ठेवा आणि परतीची तिकिटं त्याप्रमाणे काढा. निघण्याआधी आणि वाटेत, जिथे फोन लागेल तिथे, बंगालच्या उपसागरात काही शिजतंय का ते बघा. खिंडीवर बर्फाचा अंदाज असेल तर मनांगला थांबा. पडून गेल्यावरही लगेच निघू नका, एक-दोन दिवस जाऊ द्या, कारण ताजा बर्फ आणि वारा यांनंतरचा पहिला निरभ्र दिवस सगळ्यात फसवा. उभ्या उताराखाली जेवायला बसू नका. आणि पुढे पन्नास जण चाललेत म्हणून त्यांच्या मागे जाऊ नका. त्या पन्नासांपैकी प्रत्येकजण आपल्या पुढच्याकडे बघूनच चाललेला असतो. (तुमच्यापैकी कोणी हिवाळ्यात काश्मीर, लडाख किंवा हिमाचलात जाणार असाल तर चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचे इशारे काढते, ते बघत जा. आपल्याकडे हिमस्खलन म्हटलं की सियाचीनचे जवान आठवतात. २०१६ च्या फेब्रुवारीत गेलेल्या दहा जणांत सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचा एक होता. पण बर्फाला गणवेश कळत नाही.)

मंडळी ऑक्टोबरात गेली. मनांगला पोचली आणि ढग आले. खिंडीवर थोडा बर्फ पडल्याची बातमी खाली आली. मामाने सगळ्यांना थांबवलं. दोन दिवस चहा आणि सफरचंदं खाऊन पत्ते कुटले. दरम्यान दोन गट त्यांच्यासमोरून पुढे गेले, आणि त्यांना काहीही झालं नाही. खिंड ओलांडून ते आरामात मुक्तिनाथला पोचले. मामाची मंडळी तिसऱ्या दिवशी निघाली आणि तीही व्यवस्थित पोचली.

मुक्तिनाथहून फोन आला. "उगाच थांबलो रे. ते दोन्ही गट मजेत गेले. आमचे दोन दिवस वाया, वर बाकीचे चौघं माझ्या नावाने बोटं मोडतायत."

मी म्हटलं, "बेलपाड्याहून परत फिरवलंस त्या दिवशी पाऊस पडला होता का रे?"

मामा थोडा वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "नाही पडला बहुतेक. दुपारी ऊन होतं."

सावधपणाची ही मोठी पंचाईत आहे. त्याची पावती कधी मिळत नाही. थांबून चुकलो तर आयुष्यभर चिडवून घ्यावं लागतं, आणि थांबून वाचलो तर वाचलो हेच कळत नाही. त्या आजीबाईलाही कळलं नसेल की तिचं बरोबर होतं. ती कुत्रा घेऊन घरी गेली असेल आणि तिने चहा केला असेल.

फोन ठेवताना मामा म्हणाला होता, "ताईला मी नाही सांगणार. पण तू सांग. किती दिवस 'मजेत' म्हणशील?" त्यालाही आता बरेच दिवस झाले. समोर बसून सांगायचं धाडस होईना, म्हणून शेवटी इथे लिहिलं. आई रविवारी दुपारी माझं पान उघडते, तिला अक्षरं मोठी करून द्यायला बाबा असतात.

आई, पोलंडकर बरा आहे. चालतो, सायकल चालवतो. मला तेव्हा खरचटलंसुद्धा नव्हतं. रविवारी फोन जवळच ठेवतोय.